सात डब्या, एक पोट

मी एक बर्फाची पेटी बोलतेय. निळं अंग, पांढरं झाकण, दोन्ही बाजूंना धरायला कड्या. झाकणाची बिजागरी तुटल्यापासून माझ्यात बर्फ टिकत नाही. मग पोटातली गोष्ट तरी कशाला टिकवून ठेवायची, म्हणून सांगून मोकळी होते.

माझा स्वभाव थंड आहे, हे आधीच सांगते. बाहेर माणसं हसली, रडली, भांडली, तरी माझ्या आतलं तापमान बदलता कामा नये, अशीच माझी घडण. त्यामुळे या गोष्टीत बरोबर कोण आणि चूक कोण हे मला विचारू नका. मी पाहिलं तेवढं सांगते.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, दोन भिंतींच्या मध्ये फोम भरला आणि झाले मी तयार. माझ्याबरोबरच्या बहिणींपैकी एक कुल्फीवाल्याकडे गेली, एक लग्नाच्या केटररकडे. एकीला म्हणे सरकारी दवाखान्यात लसी सांभाळायचं काम मिळालं. तिचं नशीब थोर. मी गेले ठाण्याला, कोपरीच्या बाजारात, आवडाबाईच्या मासळीच्या ओट्याखाली.

आवडाबाई कोपरीच्या जुन्या गावठाणातली. तिच्या सासऱ्याची मिठागरं होती. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून तिचे केस गेले, असं ती सांगायची आणि पदर सारून टाळू दाखवायची. पुढे मिठागरं बंद पडली, जमिनी गेल्या, त्यावर टॉवर आले. आळीतल्या घरांना पैसा मिळाला. तिचा पुतण्या पोपट टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. आवडाबाई मात्र रोज पहाटे मासळी आणून विकायची. गरज नव्हती, पण बसून खाल्लं की पोट बिघडतं हे तिचं ठाम मत होतं. स्वतःचं खाणं तिने बदललं नव्हतं. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, दुपारी वालाचं बिरडं, पावसाळ्यात मिळेल ती रानभाजी. नातवंडं पावाचं काही मागवायची, तेव्हा ती नुसती बघत बसायची.

माझ्या पोटात तेव्हा बांगडे असायचे, मांदेली असायची, सणासुदीला पापलेट. गिऱ्हाईक झाकण उघडून आत डोकावायचं, नाक मुरडायचं आणि तरीही घ्यायचं. मासे ताजे असतील तर माणसाला वासाचं काही वाटत नाही. हे माझं पहिलं शिक्षण.

दुसरं शिक्षण सुरू झालं ते डॉक्टर कल्पिता सावर्डेकर बाजारात आली तेव्हा. दुपारी ओटे धुवायची वेळ होती. पन्नाशीच्या आसपासची, चष्म्याची, खांद्यावर पिशवी आणि हातात थर्माकोलचा खोका, अशी एक बाई घाईघाईने निघाली होती. आवडाबाईच्या ओट्यासमोर खोक्याचा तळ सुटला. बर्फ घरंगळला आणि त्याबरोबर झाकण लावलेल्या तीन छोट्या डब्या. कल्पिताने त्या अशा काही झडप घालून उचलल्या की आवडाबाईला वाटलं, सोनं आहे.

"काय गो, काय हाय यात? औषध?"

"नमुने आहेत, मावशी. आरोग्याच्या कामाचे."

"कसले नमुने?"

कल्पिताने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं.  आवडाबाई इतकी हसली की हातातला कोयता खाली ठेवावा लागला.

"सगलं जग माझ्याकरं मासली मागतं. आनि तू दारोदारी हे मागत फिरतंस?"

"मागते. पण कोणी देत नाही," कल्पिता म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दमणूक होती. आवडाबाईने हसणं थांबवलं, मला ओट्याखालून ओढलं, पाणी मारलं, दोन मुठी बर्फ टाकला आणि तिच्या हातात दिलं. "ने. परत आन."

अशी मी विज्ञानाच्या कामाला लागले.

रिक्षात बसल्याबसल्या चालकाने मागे वळून विचारलं, "काय मॅडम, सुरमई का?" कल्पिता म्हणाली, "हो." मग कोपरीचा पूल संपेपर्यंत तो सुरमई कशी तळावी ते सांगत होता. खरं बोलणाऱ्या माणसालाही काही ठिकाणी सुरमईच म्हणावं लागतं.

कल्पिताची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. तिने बी.एस्सी.नंतर कल्याणच्या एका लहानशा पॅथॉलॉजीत नोकरी धरली होती. लोकांच्या शौचाच्या तपासण्या करायच्या आणि जंत सापडले तर लिहायचे. रिपोर्टात वाईट जंतूंची नावं जायची. बाकी कोट्यवधी जीव तिला भिंगाखाली दिसायचे, त्यांना कोणी विचारत नसे. ते काय खातात, आपल्याला काय देतात, ते मेले तर आपलं काय होतं, हे प्रश्न तिथून तिच्या डोक्यात शिरले ते गेलेच नाहीत. पुण्याला पीएचडी केली, काही वर्षं परदेशात काढली आणि आई एकटी म्हणून डोंबिवलीला परत आली. ठाण्यात खोपटच्या बाजूला एका कॉलेजात तिला प्रयोगशाळा म्हणून पार्किंगमागची अडगळीची खोली मिळाली. सहकारी तिच्यासमोर चहाचा कप मुद्दाम लांब ठेवायचे आणि हसायचे. आई शेजाऱ्यांना सांगायची, "ती जंतूंवर असते," आणि विषय बदलायची. अशी तिची वीस वर्षं गेली होती.

आता तिला एकच गोष्ट शोधायची होती. ठाण्याच्या जुन्या गावठाणांतल्या लोकांचं खाणं एका पिढीत पार बदललं. आजीने मिठागरात काम केलं, भाकरी आणि वाल खाल्ले. नातू टॉवरमध्ये बसून मैदा खातो आणि चाळिशीत मधुमेहाच्या गोळ्या घेतो. मधल्या मध्ये पोटातले जिवाणू कुठे गेले? की अजून आहेत? ते कळायला जुन्या घरांतले नमुने हवे होते. आणि शहाणीसुरती माणसं ती डबी बघताच दार लावून घेत होती.

तीन दिवसांनी कल्पिता मला परत द्यायला निघाली. दिवाळी होती. तिच्या आईने मला नीट निरखलं. माझ्यातून काय येऊन गेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि लेकीने मला किती वेळा कसल्या कसल्या औषधाने धुतलं हेही. त्या म्हणाल्या, "कोणाची वस्तू रिकामी परत देऊ नये गं, बरं दिसत नाही." आणि करंज्यांनी भरलेला स्टीलचा डबा माझ्यात ठेवला.

आवडाबाईने करंजी मोडून तोंडात टाकली आणि प्रसन्न झाली. "दे तुझ्या डब्या. माझी आली हाय सगली. मी आनून देतंय." तिची 'आली' म्हणजे आळी.

कल्पिताला हायसं वाटलं. आठ डब्या, आठ नावं. आवडाबाई स्वतः, शेजारची विमलाबाई, दीर परशुराम, जिमला जाणारा तिचा नातू सुदेश, चौदाव्या मजल्यावरचा पोपट आणि आणखी तीन जण. काय करायचं ते तिने समजावून सांगितलं, प्रत्येकासाठी संमतीचे कागद दिले आणि निघून गेली. घरोघरी आपण जावं असं तिच्या मनात आलं होतं, पण आवडाबाईने काम सोपं केलं होतं, आणि दारं लावलेली पाहून ती कंटाळली होती.

आवडाबाई दारोदार गेली. परशुराम कानाला हात लावून म्हणाला, "वयनी, डोस्का फिरला काय?" सुदेशने हो म्हटलं आणि विसरला. पोपटने कागदावर झोकात सही केली आणि डबी ड्रायव्हरबरोबर परत पाठवली, स्वच्छ, रिकामी. कागदांवर सगळ्यांच्या सह्या आल्या. सही करायला कोणाला लाज वाटत नाही. ठरलेल्या सकाळी तिच्या ओसरीवर आठ डब्या मांडल्या गेल्या, तेव्हा एकट्या विमलाबाईची भरलेली होती.

आवडाबाई त्या सात रिकाम्या डब्यांकडे बराच वेळ बघत बसली. मग त्या घेऊन घरामागे गेली. परत आली तेव्हा साती डब्या भरलेल्या होत्या. तिने हात धुतले, डब्या पुसल्या, माझ्यात बर्फाच्या मधोमध नीट रचल्या, वरून आणखी बर्फ घातला आणि समाधानाने झाकण लावलं.

मी पाहिलं. पण पेटीला कोण विचारतं?

पुढचे महिने मी त्या अडगळीच्या खोलीतच होते. कल्पिताच्या हाताखाली ऋतिका नावाची मुलगी पीएचडी करत होती, ती मला टेबलाखाली ढकलून ठेवायची. एका संध्याकाळी दोघी संगणकासमोर बसल्या होत्या आणि कल्पिता अचानक उभी राहिली. खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही.

आठपैकी सात नमुन्यांत एक जिवाणू सापडला होता. वालात, भाकरीच्या कोंड्यात, रानभाजीत जे आपल्याला पचत नाही, ते हा खातो आणि बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल देतो. शहरात राहणाऱ्या माणसांत तो कोणाला सापडला नव्हता. तो जंगलात, दूरच्या पाड्यांवर उरलाय असं मानलं जायचं. आणि इथे, ठाणे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, एका आळीत जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात तो सुखाने नांदत होता.

"अगं, टॉवर आले, मैदा आला, तरी यांनी तो टिकवला," कल्पिता म्हणाली. "एकाच आळीतली माणसं. एकच पाणी, एकच जेवण. म्हणून टिकला." तिने आईला फोन लावला आणि जंतूचं पूर्ण नाव सांगितलं. आईला काही कळलं नाही, पण लेक रडतेय म्हणून त्याही रडल्या.

मग दिवस पालटले. शोधनिबंध एका मोठ्या परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. ज्यांनी चहाचा कप लांब ठेवला होता, तेच आता बिस्किटं पुढे करू लागले. मोठी खोली मिळणार होती. पाच वर्षांचा निधी मिळणार होता. ऋतिकाची पीएचडी याच निबंधावर पुरी होणार होती. या जिवाणूच्या गोळ्या काढू म्हणून एका कंपनीचा माणूस येऊन गेला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्या पोपटने वाचल्या.

पोपटने गावठाणाच्या मैदानात जाहीर सत्कार ठरवला. रिक्षास्टँडपासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले: 'कोपरीचं पोट, जगात ग्रेट! शुभेच्छुक: पोपटशेठ मित्रमंडळ'. फ्लेक्सवर कल्पिताचा फोटो लहान आणि पोपटचा मोठा होता. परशुरामाचाही होता, गॉगल घालून.

सत्कार दोन दिवसांवर असताना ऋतिकाने कल्पिताला हाक मारली. छापण्याआधी नियतकालिकाला आणखी बारीक तपासणी हवी होती, म्हणून ते नमुने पुन्हा यंत्रातून काढले होते. या तपासणीत जिवाणूंबरोबर माणसाच्या स्वतःच्या पेशींचाही माग लागतो.

"मॅडम, हा नमुना परशुरामकाकांचा ना?"

"हो. आवडाबाईंचे दीर. का गं?"

"यंत्र म्हणतंय, ही बाई आहे."

"लेबलची अदलाबदल झाली असेल."

"मग सुदेश? तोपण बाई आहे. पोपटशेठपण." ऋतिकाचा आवाज बारीक झाला. "मॅडम, साती डब्या बाईच्या आहेत. आणि ती एकच बाई आहे."

कल्पिताने सातही नोंदी पुन्हा एकदा वाचल्या.  ऋतिका म्हणाली, "मॅडम, कोणाला कळणारेय? परत नमुने आणू या ना. गुपचूप बदलून टाकू. तो जिवाणू खरंच असेल त्यांच्यात. असणारच." ती वाईट मुलगी नव्हती. तिच्या पीएचडीची चार वर्षं त्या डब्यांवर टेकली होती.

कल्पिताने मला टेबलाखालून उचललं. माझ्यात बर्फ नव्हता, काहीच नव्हतं. तिला बहुधा हातात धरायला काहीतरी हवं होतं.

आवडाबाई बांगडे साफ करत होती.

"मावशी, त्या डब्या कोणाच्या होत्या? दिवाळीच्या?"

आवडाबाईने बांगड्याचं डोकं उडवलं. "इमलाबाईची एक. बाकी माझ्या."

ना लपवाछपवी, ना संकोच. भाव सांगावा तसं तिने सांगितलं. कल्पिता उलट्या क्रेटवर बसली.

"सगळ्या?"

"मंग काय करू? कोनी देईना. परशुरामानं मना येरी काढली, डोस्का फिरला म्हनला. तू माझी पेटी भरून करंज्या आनल्यास, आनि मी तुना रिकाम्या डब्या देऊ? असं देतान का कोन?"

"पण मी प्रत्येकीवर नाव लिहिलं होतं."

"नावाचा काय गो? एका आलीतली मानसं आमी. एकच पानी, एकच जेवन."

निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात हेच वाक्य जरा लांबवून लिहिलेलं होतं. कल्पिताने डोळे मिटून घेतले. मग तिने सावकाश समजावलं की एका माणसाचं पोट म्हणजे गाव नव्हे. हा निबंध खोटा ठरतो, तो परत घ्यावा लागेल, आणि त्याबरोबर बाकीचं सगळंच जाईल.

एक गिऱ्हाईक मांदेलीचा भाव विचारत होतं. आवडाबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते निघून गेलं. एवढ्या वर्षांत तिने गिऱ्हाईक असं जाऊ दिलेलं मी प्रथमच पाहत होते.

"माझ्यामुलं तुजं काम गेलं?"

"नाही. माझ्यामुळे. घरोघरी मी जायला हवं होतं. मागायची मलाही लाज वाटायला लागली होती, म्हणून तुमच्यावर टाकलं." कल्पिता उठली. "तुमचं नाव मी कुठे घेणार नाही."

त्याच रात्री तिने नियतकालिकाला कळवलं. सत्कार रद्द करा म्हणून पोपटला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, मंडप पडलाय, आमदारसाहेबांना बोलावलंय. तुम्ही फक्त या. दोन शब्द बोला, शाल घ्या, बस."

ती गेली. मला आवडाबाईने सकाळीच मंडपात आणून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या गार करायला. त्यामुळे व्यासपीठाच्या पायरीजवळून मला सगळं दिसलं.

आमदार आलेच नव्हते. पोपटने माईकवरून गावाची थोरवी सांगितली, हलगी वाजली, आणि शाल पुढे आली. कल्पिताने शाल घेतली नाही. ती माईकसमोर गेली. 

"मी जाहीर केलेला शोध चुकीचा होता," ती म्हणाली. "नमुने गोळा करताना माझ्याकडून चूक झाली. या गावातल्या लोकांच्या पोटात तो जिवाणू आहे की नाही, मला माहीत नाही. मी निबंध परत घेतला आहे. तुमची माफी मागते."

 पोपट कसंनुसं हसला. "मॅडम, म्हणजे आपल्या गावात ते नाय?"

"आहे की नाही, तेच माहीत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "एवढी शिकलेली बाई, आठ डब्या सांभालता येत नाय काय? गावाला येरा बनवला!" आणखी चारजणांनी री ओढली. कल्पिता खाली मान घालून उभी होती. ती काहीही बोलली असती तर सुटली असती, पण ती बोलली नाही.

बायकांच्या रांगेतून आवडाबाई उठली. तिला माईक लागत नाही. बाजारात तिचा आवाज पार रिक्षास्टँडपर्यंत जातो.

"तिला नका बोलू. डब्या मी भरल्या. सगल्या माझ्या हायेत." ती बोट दाखवत गेली. "परशुराम, तुजी मी भरली. सुदेश, तुजी पन. पोपट, तू चौदाव्या माल्यावर रातंस, तुजी पन मीच भरली. लाज वाटली तुमाला. आनि फोटो लावताना नाय वाटली? कोपरीचा पोट म्हनून फलक लावलाय, तो माझ्या एकलीचा पोट हाय!"

 आधी विमलाबाई हसली, आणि तिच्यामागे अख्खा मंडप. हलगीवाल्याने कारण नसताना एक थाप मारली. परशुराम आपल्या चपलांकडे बघत राहिला. कल्पिताने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तीही हसत होती.

हसून झाल्यावर माणसं जेवायला बसली. विज्ञान बुडालं तरी पंगत बुडत नाही.

त्या रविवारी कल्पिता मला घेऊन स्वतः दारोदार गेली. पहिली डबी परशुरामाने दिली. वर्तमानपत्रात गुंडाळून, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती कापडी पिशवीत घालून, आणि तोंड दुसरीकडे करून. सुदेशने दिली. पोपटने ड्रायव्हरच्या हाती पाठवली, पण या वेळी खरी. दोघांनी नाही म्हटलं. कल्पिताने त्यांच्या डब्या रिकाम्या परत घेतल्या, त्यांचे आभार मानले आणि पुढे गेली.

या वेळी ना शाल आली, ना हलगी वाजली. मोठी खोली दुसऱ्या विभागाला गेली. निधी मिळाला नाही. कंपनीच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. ऋतिकाचं एक वर्ष वाया गेलं. ती कल्पितावर चिडली, महिनाभर आली नाही, आणि मग एक दिवस येऊन थेट कामाला लागली. तपासणी तिनेच केली.

निकाल सांगायला कल्पिता गावठाणात गेली, तेव्हा बर्फ भरलेली मी तिच्या हातात होते. आवडाबाई ओसरीवर वाल सोलत होती. शेजारी तिची नात सान्वी मोबाइल बघत वेफर्स खात होती.

"ज्यांनी डब्या दिल्या, त्यांच्यात कोणाकडे नाही, मावशी. फक्त तुमच्याकडे आहे."

आवडाबाईला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिचा हात थांबला. "पोरांच्यात का नाय? मीच ना जेवाला घालतंय."

"तुम्ही घालता. ती खातात का?"

आवडाबाईने सान्वीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "म्हंजे माझ्यासंगं जानार ते."

कल्पिता तिच्याशेजारी बसून वाल सोलू लागली. मी थंड स्वभावाची आहे, पण त्या दुपारी मला वाईट वाटलं, हे सांगायलाच हवं. एवढी वर्षं त्या ओसरीवर माझं येणंजाणं होतं, पण कोणी इतकं एकटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

कल्पिताने नवा निबंध लिहिला. छोटासा. एका आळीतून एक जिवाणू एका पिढीत कसा नाहीसा झाला आणि एका बाईत कसा उरला, एवढंच त्यात होतं. तो एका साध्या नियतकालिकात आला. फ्लेक्स लागला नाही. पण कल्याण-डोंबिवलीतल्या काही डॉक्टरांनी तो वाचला, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या रुग्णांना खाण्याबद्दल विचारायला लागले. तिच्या वीस-बावीस वर्षांच्या कामातून आलेलं हे पहिलं पक्कं फळ, आणि ते खरं होतं.

गेल्या पावसाळ्यात आवडाबाईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात जोराची औषधं द्यावी लागली. त्याशिवाय ती वाचली नसती. ती वाचली, घरी आली, पुन्हा भाकरी खाऊ लागली. महिन्याने कल्पिताने तपासून पाहिलं. पोटातला तो जिवाणू औषधांबरोबर गेला होता. दोन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तरी नव्हता. आता तो उरला होता फक्त कल्पिताच्या डीप फ्रीझरमध्ये. शोध खोटा ठरवणाऱ्या त्या डब्याच तेवढ्या त्याच्या राहिल्या होत्या.

हे तिने आवडाबाईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मना दाखव."

मागच्या आठवड्यात ती आली. ठेवणीतलं नऊवारी नेसून, उरलेल्या केसांत फूल माळून, सान्वीचा हात धरून. पार्किंगमागच्या त्या खोलीत ऋतिकाने तिला स्टुलावर बसवलं. हवा अजिबात जाऊ न देणाऱ्या काचेच्या बंद पेटीत एक बशी होती. बशीवर डाळीच्या दाण्याहून बारीक, फिकट ठिपके होते.

"हे माझं?"

"तुमचंच. हे वाढायला फार वेळ घेतं. आता कुठे जगायला लागलंय."

आवडाबाईने काचेला नाक लावलं. सान्वीनेही लावलं. बराच वेळ दोघी बघत होत्या.

"हिच्या पोटात परत जाईल काय गो ते?"

काही वर्षांपूर्वीची कल्पिता असती तर तिचे डोळे चमकले असते. आता तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "माहीत नाही, मावशी. शोधतेय."

आवडाबाईने मान हलवली. पक्कं उत्तर न मिळाल्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिने काचेवर दोन बोटं टेकवली, तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावीत तशी. "शोध. तवर त्याला उपाशी नको ठेवू."

मी दाराशी होते, भंगाराच्या ढिगावर. कल्पिताने आवडाबाईला नवी पेटी घेऊन दिली आहे, लाल रंगाची, चाकं असलेली. ती चांगली आहे असं ऐकते. मला उद्या-परवा कोणीतरी घेऊन जाईल, तुकडे होतील, वितळवतील आणि कोणाची तरी बादली होईन. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मासे सांभाळले, माणसांच्या आतलं सांभाळलं, दोन्हींत फार फरक मला दिसला नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या दारात कधी कोणी डबी घेऊन आलं, तर लाजू नका. आणि द्यायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणा, डबी रिकामी परत द्या. ती घेऊन गेलेल्या माणसाचं त्याने काही बिघडणार नाही. निघते मी. आत ऋतिका बशीला खाऊ घालतेय.